बेनेव्हेंतो: 'अशुभ' नावाचे 'शुभ' नाव कसे झाले?

आडवाट

दक्षिण इटलीत नेपल्सच्या ईशान्येला, कालोरे आणि साबातो या दोन नद्यांच्या संगमाजवळ बेनेव्हेंतो नावाचे शहर आहे. रोमहून ब्रिंदिसी बंदराकडे जाणारी आप्पिया सडक याच गावावरून जात असे. इ.स. ११४ मध्ये सम्राट त्रायानच्या सन्मानार्थ उभारलेली कमान आजही तेथे चांगल्या स्थितीत उभी आहे. गावाच्या नावाचा अर्थ विचारला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. गावाचे जुने नाव मालेवेंतुम, म्हणजे लॅटिनमध्ये ज्याचा शेवट वाईट झाला असे काहीतरी. इ.स.पू. २७५ मध्ये रोमन कॉन्सल मानियुस कुरियुस देंतातुस याने एपिरसचा राजा पिऱ्हस याला येथे हरवले आणि त्या विजयाच्या आनंदात रोमनांनी 'माले' काढून तेथे 'बेने' बसवले. 'वाईट'चे 'चांगले' झाले, मालेवेंतुमचे बेनेवेंतुम झाले.

गोष्ट सुटसुटीत आहे, परंतु ती दोन ठिकाणी मला पटत नाही, आणि म्हणूनच हा धागा सुरू करत आहे.

पहिली शंका अर्थाची आहे. रोमन येण्यापूर्वी हे गाव साम्नाइट लोकांपैकी हिरपिनी जमातीच्या मुलखात होते आणि त्यांची भाषा ऑस्कन होती, लॅटिन नव्हे. आपल्याच गावाला कोणी 'वाईट' असे नाव ठेवत नाही. मग 'माले' हा तुकडा लॅटिन आहे असे धरून चालण्याला आधार काय? प्राचीन काळीही सर्वांनी तसे मानलेले नव्हते. फेस्तुस या कोशकाराच्या नोंदीत असे म्हटले आहे की वसाहत स्थापन होत असताना शुभशकुनासाठी बेनेवेंतुम हे नाव घेतले गेले, कारण त्यापूर्वी तेथे राहणारे ग्रीक त्या नगराला 'मालोएंतोन' म्हणत असत. ग्रीक भाषेच्या डोरिक बोलीत 'मालोन' म्हणजे सफरचंद. दक्षिण इटलीतील तारांतोसारख्या ग्रीक नगरांत हीच बोली चालत असे. त्यामुळे मूळ अर्थ 'सफरचंदांचे गाव' असा निघतो. काही जण 'मेंढरांचे गाव' असाही अर्थ देतात, कारण ग्रीकमध्ये मेंढरासाठीही जवळजवळ तसाच शब्द आहे.

फेस्तुसच्या कोशाचा पूर्वार्ध मूळ रूपात उरलेला नाही. आपल्यापर्यंत आला आहे तो आठव्या शतकात पाउलुस दियाकोनुस या लोंबार्द विद्वानाने केलेला संक्षेप. हा पाउलुस बेनेव्हेंतोचा अधिपती आरेकिस याच्या पत्नीचा, अदेलपेर्गाचा, शिक्षक होता. बेनेव्हेंतोच्या नावाची ही नोंद ज्या हाताने संक्षेपात उतरवली, त्या हाताला ते गाव परिचयाचे होते, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरी शंका काळाची आहे. नाव लढाईनंतर लगेच बदलले असे जुने लेखक म्हणत नाहीत. प्लिनी एवढेच सांगतो की हिरपिनींच्या मुलखातील या एकमेव वसाहतीने अधिक शुभ नाव घेतले असून पूर्वी ती मालेवेंतुम म्हणून ओळखली जात असे. फेस्तुसची नोंदही वसाहतीच्या स्थापनेशी जोडलेली आहे, आणि ती स्थापना इ.स.पू. २६८ ची, म्हणजे लढाईनंतर सात वर्षांनी. शिवाय लढाई नेमकी येथेच झाली यावरही एकमत नाही. प्लुटार्क ती बेनेवेंतुमजवळ झाल्याचे सांगतो, तर फ्लोरुस आणि ओरोसियुस ती लुकानिया प्रदेशातील आरुसिनी मैदानावर झाल्याचे सांगतात.

माझे मत असे आहे की रोमनांनी एक नाव काढून दुसरे दिले असे झालेच नाही. त्यांना परके नाव ऐकू आले, त्यात त्यांना स्वतःच्या भाषेतला अशुभ शब्द दिसला आणि त्यांनी फक्त तेवढा शब्द उलटवला. म्हणजे 'वाईट' हा अर्थ त्या नावात मुळात नव्हताच. तो लॅटिन कानाने त्यात घातला. नाणी, भाषाशास्त्र किंवा त्या भागाचा इतिहास यांची माहिती असलेल्या सदस्यांनी कृपया मत द्यावे.

नाणेघाट

नाण्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतील.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात बेनेवेंतुमने पाडलेले एक कांस्य नाणे प्रसिद्ध आहे. त्याच्या एका बाजूला पर्णमुकुट घातलेल्या अपोलोचे मस्तक आहे आणि मस्तकाशेजारी BENVENTOD अशी नऊ अक्षरे आहेत. देवनागरीत ती 'बेन्वेन्तोद' अशी वाचता येतील. दुसऱ्या बाजूला उसळणारा घोडा आहे, त्याच्या वर पंचकोनी तारा आहे आणि 'प्रोपोम' असा शब्द आहे. या दुसऱ्या शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांत वाद आहे, म्हणून तो बाजूला ठेवतो. पहिल्या शब्दाकडे मात्र नीट पाहावे. तेथे 'बेनेवेन्तोद' नाही, 'बेन्वेन्तोद' आहे. पुस्तकी लॅटिनमधला मधला 'ए' त्या कारागिराने कोरलेला नाही. 'बेने' हा पूर्ण शब्द आणि त्याचा 'चांगले' हा अर्थ त्या काळच्या प्रत्येक बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असता, तर तो शब्द असा आखडून कोरला गेला असता का, असा प्रश्न मला पडतो. यावरून ठाम निष्कर्ष काढता येणार नाही, कारण जुन्या लेखांत स्वर गळणे ही सामान्य बाब आहे. तरीही नाव रोजच्या बोलण्यात घासले गेले होते एवढे यातून दिसते.

दुसरी गोष्ट जुन्या नावाविषयी. 'मालिएस' असा ग्रीक लिपीतील लेख असलेली काही नाणी आहेत, आणि अनेक नाणकशास्त्रज्ञ ती मालेवेंतुमची मानतात. हा संबंध सर्वमान्य नाही, परंतु तो खरा असेल तर नावाचा 'मालि-' हा भाग रोमनांच्या आधीपासून होता आणि त्याला लॅटिन क्रियाविशेषण 'माले' याच्याशी काही देणेघेणे नव्हते, या आपल्या मताला बळ मिळते.

धातुपाठ

धाग्यातील मताशी मी मोठ्या प्रमाणात सहमत आहे, परंतु एक दुरुस्ती आवश्यक वाटते आणि एक भर घालावीशी वाटते.

दुरुस्ती 'मेंढरां'विषयी. अॅटिक ग्रीकमध्ये सफरचंद आणि मेंढरू हे दोन्ही शब्द 'मेलोन' असे सारखेच दिसतात, म्हणून हा घोटाळा होतो. डोरिकमध्ये मात्र ते वेगळे राहतात. सफरचंदाच्या शब्दातील स्वर मुळात दीर्घ 'आ' होता. अॅटिकमध्ये त्याचा 'ए' झाला, डोरिकने 'मालोन' तसेच ठेवले. मेंढराच्या शब्दातील स्वर मुळातच 'ए' होता, त्यामुळे डोरिकमध्येही तो 'मेलोन'च राहतो. म्हणून नाव जर डोरिक ग्रीक असेल आणि त्यात 'मा' असेल, तर अर्थ सफरचंदाचाच होऊ शकतो. मेंढरे येथे बसत नाहीत.

आता भर. 'मालोएंतोन' या रूपातील '-एंत-' हा प्रत्यय आपल्या परिचयाचा आहे. जुन्या ग्रीकमध्ये तो '-वेंत-' असा होता. पुढे ग्रीकमधला 'व' लोपला आणि '-एंत-' उरला. 'ज्याच्याजवळ अमुक आहे ते' असा त्याचा अर्थ, आणि तो संस्कृत '-वन्त्' या प्रत्ययाचा सख्खा भाऊ आहे. बळवंत, यशवंत, गुणवंत या आपल्या शब्दांत जो 'वंत' आहे, तोच. स्त्रीलिंगी '-वती' हेही त्याचेच रूप; वेत्रवती नदी म्हणजे जिच्या काठी वेत आहे ती. याच घडणीचे ग्रीक गावनाव म्हणजे सिसिलीतील सेलिनुस, आजचे सेलिनुंते. 'सेलिनोन' म्हणजे रानटी सेलरीसारखी वनस्पती, आणि त्या नगराने आपल्या नाण्यांवर तिचेच पान छापले होते. म्हणजे 'सफरचंदवंत' गाव ही कल्पना ग्रीक नामकरणात अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडची पिंपळगाव, आंबेगाव, बोरगाव ही नावे वेगळ्या पद्धतीने तेच सांगतात.

याहून मला आश्चर्य वाटते ते पुढच्या टप्प्याचे. लॅटिन बोलणाऱ्यांना हा प्रत्यय कळला नाही, तेव्हा त्यांनी '-वेंतुम' हा भाग आपल्या 'वेनिरे', म्हणजे 'येणे', या क्रियापदाशी जोडला. त्याचे भूतकाळवाचक रूप 'वेंतुम', आणि ते संस्कृत 'गत' या रूपाचे नातलग आहे, कारण 'वेनिरे' आणि 'गम्' हे एकाच मूळ धातूपासून आलेले आहेत. त्या वाचनाने बेनेवेंतुम म्हणजे जवळजवळ 'सु-आगत', स्वागत. आजच्या इटालियन भाषेत स्वागताला 'बेनव्हेनुतो' म्हणतात, आणि इटालियन माणसाला गावाच्या नावात तोच शब्द ऐकू येतो यात नवल नाही.

तिसरे वाचन प्रोकोपियस या सहाव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकाराचे. तो सांगतो की लॅटिनमध्ये 'वेंतुस' म्हणजे वारा, आणि समुद्रापलीकडच्या दाल्मातियात जो भयंकर वारा सुटतो, त्याचा त्रास समोरच्या उंचवट्यावरील या गावालाही होतो. त्या वाऱ्याचे वर्णन तो असे करतो की घोड्यासकट स्वाराला उचलून, आकाशात गरगर फिरवून, दूर नेऊन आपटतो. अर्थात 'वेंतुस' आणि संस्कृत 'वात' हेही एकाच धातूचे. एका गावाच्या नावाच्या शेपटाला तीन वाचने मिळाली, आणि तिन्ही वाचनांचे नातलग आपल्या घरात आहेत: वंत, गत आणि वात. यांपैकी मूळ नावाशी खरा संबंध पहिल्याचाच असण्याची शक्यता आहे. उरलेली दोन ऐकणाऱ्यांनी जोडलेली आहेत.

नाणेघाट यांनी दिलेल्या 'बेन्वेन्तोद' मधील शेवटच्या 'द'कडेही लक्ष वेधतो. ते जुन्या लॅटिनमधील पंचमीचे रूप आहे, अर्थ 'बेनेवेंतुमहून' किंवा 'बेनेवेंतुमकडील'. पुढे लॅटिनमधून हा 'द' गळून गेला. संस्कृतात 'ग्रामात्', 'नगरात्' यांच्या शेवटी तोच प्रत्यय आहे.

सह्यकडा

फार उपयुक्त चर्चा. दोन भाबडे प्रश्न विचारतो. पहिला असा की 'ग्रामात्' आणि आपले मराठी 'गावात' हे एकच का? दुसरा असा की 'माल' या शब्दाचा डोंगराशी संबंध नसेल का? आपल्याकडे मलय पर्वत आहे, दक्षिणेत 'मलै' म्हणजे डोंगर, आणि बेनेव्हेंतोच्या सभोवती डोंगरच आहेत. सफरचंदांपेक्षा डोंगर अधिक टिकाऊ खूण नव्हे का?

धातुपाठ

पहिल्याचे उत्तर 'नाही'. मराठी 'गावात' मधील 'आत' हा 'अंतर्', म्हणजे आतील भाग, यापासून आलेला आहे. संस्कृत पंचमीशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे.

दुसरा प्रश्न भाबडा मुळीच नाही. काही अभ्यासकांनी तोच विचार मांडलेला आहे, परंतु मलयाच्या वाटेने नव्हे. 'मलै' हा द्राविड शब्द आहे आणि इटलीतील नावाशी त्याचे साम्य योगायोगाचे मानावे लागेल. आड्रियाटिक समुद्राच्या दोन्ही बाजूंना प्राचीन काळी इलिरियन आणि मेस्सापिक या भाषा बोलल्या जात होत्या, आणि आजच्या अल्बेनियन भाषेत 'माल' म्हणजे डोंगर. त्यावरून मालेवेंतुम म्हणजे 'डोंगराळ ठिकाण' अशी व्युत्पत्ती सुचवली गेली आहे. या मताची जमेची बाजू अशी की बेनेव्हेंतो समुद्रापासून दूर, अंतर्भागात आहे, तर ग्रीकांच्या वसाहती किनाऱ्यावर होत्या. फेस्तुस म्हणतो तसे ग्रीक लोक तेथे खरोखर राहत होते, याला पुरावा कमी आहे. त्यामुळे स्थानिक नाव आधीचे असून ग्रीकांनी ते आपल्या 'मालोन'च्या साच्यात बसवले असण्याचीही शक्यता राहते. तसे असेल तर रोमनांनी जे केले ते त्यांच्याआधी ग्रीकांनीही केले होते, असे म्हणावे लागेल.

सिंधुसागर

रोमनांनी अशुभ वाटणारी नावे बदलल्याची आणखी उदाहरणे आहेत, आणि ती या धाग्याच्या मुख्य मताला पुष्टी देतात. आड्रियाटिकच्या पलीकडील ग्रीक नगर एपिदाम्नोस. त्याच्या नावात रोमनांना 'दाम्नुम', म्हणजे नुकसान, हा शब्द ऐकू आला, म्हणून त्यांनी दिर्राकियुम हे नाव चालवले. आज ते अल्बेनियातील दुर्रेस आहे. प्लिनीनेच हे कारण नोंदवले आहे. सिसिलीतील एगेस्ता या नगराच्या नावात 'एगेस्तास', म्हणजे दारिद्र्य, ऐकू येत असे, म्हणून आरंभी 'स' जोडून सेगेस्ता केले, असे फेस्तुस सांगतो.

सर्वांत जवळचे साम्य काळ्या समुद्राचे आहे. ग्रीक त्याला आधी 'आक्सेइनोस', म्हणजे परक्यांशी वैर करणारा, म्हणत आणि नंतर 'एउक्सेइनोस', म्हणजे परक्यांचा सत्कार करणारा, म्हणू लागले. पण 'आक्सेइनोस' हा मुळात इराणी भाषेतील 'काळसर' या अर्थाचा शब्द असावा असे मानतात. तेथेही क्रम तोच: परका शब्द, त्यात ऐकू आलेला वाईट अर्थ, आणि मग त्या ऐकू आलेल्या अर्थाचे उलटे नाव.

हा स्वभाव आपल्याला परका वाटू नये. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर ती 'वाढवली' असे म्हणतो.

मावळतवारा

एक आक्षेप नोंदवतो. दक्षिण इटलीच्या संपर्कात आलेल्या रोमनांना ग्रीक अजिबात कळत नव्हते असे नाही. पिऱ्हसच्या युद्धाच्या आधीच त्यांचे तारांतोशी राजकीय बोलणे झालेले होते. मग 'मालोन' म्हणजे सफरचंद हे त्यांना ठाऊक नसेल, असे कसे मानावे? लॅटिनमध्येही सफरचंदाला 'मालुम'च म्हणतात, आणि तो शब्द ग्रीकमधूनच आलेला आहे. शिवाय खुद्द ऑस्कन भाषेतही 'वाईट' या अर्थाचा 'मल्ल-' असा शब्द बांतिया येथील कायद्याच्या पत्र्यावर आढळतो. म्हणजे 'वाईट' हा अर्थ केवळ लॅटिन कानालाच ऐकू येत होता, हे विधान मला घाईचे वाटते.

आडवाट

मावळतवारा यांचा आक्षेप योग्य आहे आणि त्याने मला माझे विधान नीट मांडण्यास भाग पाडले. 'केवळ लॅटिन कानाला' हे शब्द मी मागे घेतो. ऑस्कनमधील शब्दात 'ल' दुहेरी आहे, त्यामुळे त्या भाषकांना दोन्ही शब्द वेगळे वाटत असतील अशी शक्यता आहे. परंतु साम्य त्यांनाही जाणवले असेल हे नाकारता येत नाही. तरीही ते पिढ्यानुपिढ्या त्याच नावाच्या गावात राहिले.

प्रश्न मग असा उरतो की रोमनांनाच ते का चालले नाही, आणि इ.स.पू. २६८ मध्येच का चालले नाही? त्यापूर्वी ते हेच नाव सर्रास वापरत होते. लिव्हीने इ.स.पू. ३१४ मधील पराभूत साम्नाइट सैन्य मालेवेंतुमकडे पळाल्याचे लिहिले आहे आणि 'आता ज्याला बेनेवेंतुम म्हणतात' असा खुलासाही केला आहे. इ.स.पू. २९७ मधील लढाईच्या वर्णनातही मालेवेंतुमच आहे. शत्रूच्या गावाचे नाव अशुभ असले तर त्याने रोमचे काही बिघडत नव्हते. वसाहत झाली तेव्हा मात्र तेथे आपली माणसे, बायकामुलांसह, कायमची राहायला जाणार होती.

येथे सिसेरोने शकुनांवर लिहिताना दिलेली एक माहिती फार महत्त्वाची आहे. वसाहतीच्या शुद्धिविधीत बळीचे प्राणी ओढून नेण्यासाठी शुभ नावांची माणसे निवडली जात, आणि सैन्यभरतीच्या वेळीही पहिला सैनिक शुभ नावाचा असावा याची कॉन्सल काळजी घेत, असे तो सांगतो. जेथे बळीचा प्राणी धरणाऱ्या माणसाचे नावही पारखून घेतले जात होते, तेथे खुद्द वसाहतीचे नाव 'माले'ने सुरू होणे कसे चालेल? त्यांना सफरचंद ठाऊक असो वा नसो, विधीच्या वेळी उच्चारले जाणारे नाव कानाला कसे लागते हाच तेथे प्रश्न होता. प्लिनीने वापरलेला शब्दही शकुनाच्या परिभाषेतलाच आहे. म्हणून नामांतराला लढाईतील विजय नव्हे, तर वसाहतीचा हा विधी कारण झाला, असे मी आता अधिक खात्रीने म्हणेन. पिढ्या उलटल्यावर लोकांना विधी आठवेनासा झाला असावा आणि लढाई आठवत राहिली असावी.

इतर वसाहतींची नावेही याच जातीची आहेत: प्लाकेंतिया म्हणजे 'आवडणारी', आजचे पिआचेंझा, फावेंतिया म्हणजे 'अनुकूल', आजचे फाएंझा, फ्लोरेंतिया म्हणजे 'बहरणारी', आजचे फिरेंझे. बेनेवेंतुमच्या पुढील काळातील अधिकृत नावात तर 'कोंकोर्दिया' म्हणजे सलोखा आणि 'फेलिक्स' म्हणजे भाग्यवान हे शब्दही जोडले गेले.

सिंधुसागर

सिसेरोचा दाखला निर्णायक वाटतो. याच संदर्भात सिसिलीतील एन्ना गावाची नोंद करतो, कारण तेथे उलटा प्रवास दिसतो. रोमन काळातील 'कास्त्रुम हेन्ने', म्हणजे हेन्नाचा किल्ला, अरबांच्या तोंडी 'कस्र यानी' झाला. पुढे सिसिलीच्या लोकांना त्यात 'जोव्हान्नी' हे माणसाचे नाव ऐकू आले आणि गाव कास्त्रोजोव्हान्नी, म्हणजे जोव्हान्नीचा किल्ला, झाले. हा जोव्हान्नी कधी अस्तित्वातच नव्हता. १९२७ मध्ये सरकारी हुकमाने एन्ना हे जुने नाव परत आणले गेले. त्याच वर्षी जिर्जेंतीचेही आग्रिजेंतो झाले. बेनेव्हेंतोला मात्र कोणी मालेव्हेंतो करायला गेले नाही.

धातुपाठ

आणि जायला नकोच होते. गावाच्या प्राचीनत्वाची खूण लोकांनी वेगळ्या रीतीने जपली होती. प्रोकोपियस लिहितो की ट्रॉयच्या युद्धानंतर दिओमेदेस या ग्रीक वीराने हे नगर वसवले अशी श्रद्धा होती, आणि त्याने आपल्या काकाने शिकारीत मिळवलेले कॅलिडोनच्या रानडुकराचे सुळे तेथे ठेवले होते. प्रोकोपियसच्या काळापर्यंत ते गावात दाखवले जात. घेर तीन वितींहून कमी नाही आणि आकार चंद्रकोरीसारखा, असे तो सांगतो. ते सुळे खरोखर कोणत्या प्राण्याचे होते हा प्रश्न निराळा, परंतु आपले गाव ग्रीक वीराने वसवले असे मानणाऱ्या लोकांना 'मालोएंतोन' हे ग्रीक नाव मनापासून पटले असणार. फेस्तुसची नोंद वाचताना ही श्रद्धा लक्षात ठेवावी लागेल, कारण ग्रीक व्युत्पत्ती ही भाषेवरून आली की या दंतकथेवरून, हे त्या एका वाक्यावरून ठरत नाही.

आडवाट

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पहिल्या लेखात सफरचंदाचा अर्थ मी जवळजवळ निश्चित असल्यासारखा मांडला होता, तो 'एक संभाव्य अर्थ' असा वाचावा, आणि त्याच्याशेजारी धातुपाठ यांनी दिलेला डोंगराचा अर्थही ठेवावा. मेंढरांविषयीचे वाक्य चुकीचे होते. 'माले' हा मुळात लॅटिन 'वाईट' नव्हे आणि बदल इ.स.पू. २६८ च्या वसाहतीचा, २७५ च्या लढाईचा नव्हे, ही दोन विधाने मात्र मी कायम ठेवतो.